‘क्राइम्स अँड पेनल्टीज’: डॅनबरीच्या दांडगट संघाचा माहितीपट, एका कबड्डी पंचाच्या नजरेतून

एका कंत्राटदार बापाने सतरा वर्षांच्या मुलासाठी आइस हॉकीचा अख्खा व्यावसायिक संघ विकत घेतला, त्याला संघाचा अध्यक्ष आणि महाव्यवस्थापक केले, आणि त्या मुलाने बर्फावर असे खेळाडू जमवले की दोन हंगामांत तो संघ अमेरिकेतील सर्वांत दांडगट संघांपैकी एक म्हणून गाजला. नेटफ्लिक्सच्या ‘अनटोल्ड’ या क्रीडा माहितीपटांच्या मालिकेत 2021 मध्ये आलेला ‘क्राइम्स अँड पेनल्टीज’ हा सुमारे दीड तासाचा भाग याच संघाविषयी आहे. तो मी ऐरोलीतील घरी दोन वेळा पाहिला. पहिल्यांदा कन्येच्या आग्रहामुळे पाहिला, कारण ती चाकांच्या स्केट्सवर सराव करते आणि स्केटिंगशी संबंध असलेले काहीही तिला पाहायचे असते. दुसऱ्यांदा मात्र माझ्याच ओढीने पाहिला, आणि त्यानंतरच त्याविषयी लिहावे असे वाटले. गेली कित्येक वर्षे मी ठाणे आणि नवी मुंबईतील गावांच्या मैदानांवर कबड्डीचा पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे माझी नजर पंचाची आहे, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

डॅनबरी हे कनेटिकट राज्यातील, न्यूयॉर्कपासून शंभरेक किलोमीटरवरचे शहर. एके काळी तेथे टोप्या इतक्या बनत की त्याला टोप्यांचे शहर म्हणत. तेथे कचरा वाहून नेण्याचा मोठा व्यवसाय असलेल्या जिमी गॅलांटी यांनी 2004 मध्ये युनायटेड हॉकी लीग या दुय्यम दर्जाच्या स्पर्धेत संघ उतरवला आणि तो एजे या मुलाच्या हाती सोपवला. संघाचे नाव ‘ट्रॅशर्स’ आणि बोधचिन्ह हॉकीची काठी उगारलेली कचरापेटी. लहानपणी पाहिलेला मुलांच्या हॉकी संघावरचा चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील कुस्तीचे तमाशे यांतून या मुलाची खेळाची कल्पना घडलेली होती. प्रेक्षकांना काय हवे हे त्याने त्या वयातही अचूक ओळखले: गोल हवेत, पण त्याआधी ठोसे हवेत.

आपल्याकडील प्रेक्षकाला या खेळाची रीत ठाऊक नसते आणि माहितीपटही ती समजावून सांगण्यात वेळ घालवत नाही, म्हणून थोडे सांगतो. प्रत्येक बाजूने पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, आणि चेंडूच्या जागी कडक रबराची एक इंच जाडीची चकती. किरकोळ आगळीक केली की खेळाडूला दोन मिनिटे काचेमागच्या कठड्यात बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका गड्याने कमी खेळतो. कबड्डीत पिवळे कार्ड दाखवल्यावर आपला खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो, अगदी तसेच. इथपर्यंत मला सारे ओळखीचे वाटले. नवल आहे ते पुढे. दोघांनी हातमोजे बर्फावर टाकून गुद्दागुद्दी केली, तर दोघांनाही पाच-पाच मिनिटांची शिक्षा होते, परंतु ती परस्परांच्या वाट्याची असल्याने कोणत्याच संघाचा गडी कमी होत नाही. म्हणजे संघाला बहुतेक वेळा काहीच तोटा नाही. मारामारीला नियमाने शिक्षा आहे आणि रूढीने मुभा आहे, आणि या दोहोंच्या फटीत एक वेगळाच व्यवसाय उभा राहिला: ज्याचे मुख्य काम आपल्या कसबी खेळाडूंवर हात टाकणाऱ्याला धडा शिकवणे आहे, असा दांडगा गडी. प्रत्येक संघ असा एखादा तरी बाळगत असे. डॅनबरीने असे अनेक जमवले.

ही परंपरा डॅनबरीने निर्माण केलेली नव्हती, आणि माहितीपट पाहण्याआधी फिलाडेल्फियाच्या फ्लायर्स संघाची गोष्ट माहीत असली तर त्याचा अर्थ अधिक उलगडतो. 1967 मध्ये नॅशनल हॉकी लीग या तेथील अव्वल स्पर्धेने सहा संघांचे बारा केले, त्यांत हा संघ जन्मला. पहिल्या दोन्ही हंगामांत, 1968 आणि 1969 मध्ये, सेंट लुइसच्या धिप्पाड खेळाडूंनी त्याला बाद फेरीत अक्षरशः तुडवले, तेव्हा मालक एड स्नायडर यांनी ठरवले की आपला संघ पुन्हा कधीही असा मार खाणार नाही. पुढे प्रशिक्षक फ्रेड शेरो यांच्या हाताखाली जो संघ तयार झाला, त्याला तेथील वृत्तपत्राने ब्रॉड स्ट्रीटवरचे दांडगे असे नाव दिले, आणि त्या संघाने 1974 व 1975 अशी लागोपाठ दोन वर्षे स्टॅनली कप, म्हणजे त्या लीगचे विजेतेपद, जिंकला. डेव्ह शुल्ट्झ याने 1974-75 च्या हंगामात 472 मिनिटांच्या शिक्षा ओढवून घेतल्या, म्हणजे जवळजवळ आठ तास. तो विक्रम आजही अबाधित आहे. परंतु 1974 च्या अंतिम फेरीचा निर्णायक सामना त्यांनी बॉस्टनविरुद्ध 1-0 असा जिंकला, आणि त्या शून्यामागे कोणाचे ठोसे नव्हते, बर्नी पॅरंट या गोलरक्षकाचे हात होते. कर्णधार बॉबी क्लार्क मधुमेह असूनही अखंड धावत असे. शेरो तर सोव्हिएत प्रशिक्षकांच्या पद्धतींचे बारकाईने अध्ययन करणारे गृहस्थ होते, आणि जानेवारी 1976 मध्ये मॉस्कोचा लाल सैन्याचा संघ फिलाडेल्फियाला आला तेव्हा याच फ्लायर्सनी त्यांना 4-1 असे हरवले. त्या सामन्यात सोव्हिएत संघ मध्येच बर्फ सोडून निघून गेला होता, हे सारे सांगतात. पाहुण्यांना गोलाकडे फारसे फटकेही मारू न देण्याइतका फ्लायर्सचा बचाव त्या दिवशी शिस्तबद्ध होता, हे फार थोडे जण सांगतात.

हे इतके विस्ताराने सांगण्याचे कारण असे की डॅनबरीच्या माहितीपटात नेमकी हीच उणीव मला खटकली. संघ दुसऱ्याच हंगामात, 2006 मध्ये, लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि कॅलमझूकडून हरला. केवळ मारकुट्यांच्या बळावर कोणी अंतिम फेरी गाठत नाही. 2004-05 मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे नॅशनल हॉकी लीगचा संपूर्ण हंगामच रद्द झाला होता, आणि त्या पोकळीत चांगले चांगले खेळाडू दुय्यम स्पर्धांकडे वळले. 2003 च्या स्टॅनली कपच्या शेवटच्या सामन्यात निर्णायक गोल करणारा माइक रप डॅनबरीकडून काही सामने खेळला, आणि या खेळातील महान खेळाडू वेन ग्रेट्स्की याचा धाकटा भाऊ ब्रेंट हाही या संघात होता. खेळ म्हणून हा संघ कसा बांधला गेला, चकती कोण पुढे नेत होते, गोल कोण अडवत होते, याकडे दिग्दर्शकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. ठोशांची दृश्ये एकामागून एक येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ती एकसारखी दिसू लागतात.

दिग्दर्शक चॅपमन आणि मॅकलेन वे हे दोघे भाऊ आहेत. पुण्याच्या आश्रमातून ओरेगॉनमध्ये गेलेल्या रजनीशांच्या अनुयायांवरील 2018 ची गाजलेली मालिका त्यांचीच, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला त्यांची शैली परिचित असण्याचा संभव आहे. माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवायचे, त्याला स्वतःच्या तोंडाने स्वतःची गोष्ट सांगू द्यायची, आणि मध्ये जुन्या चित्रफितींचे तुकडे असे पेरायचे की प्रेक्षक वक्त्यावर विश्वास ठेवतच पुढे जातो. या पद्धतीत त्यांची हातोटी खरोखर असामान्य आहे. जुन्या घरगुती चित्रणातील खरखरीत रंग, दोन-तीन हजार माणसांनी भरलेले ते छोटे बर्फाचे मैदान, त्यातील 102 क्रमांकाच्या भागात बसणारे आणि प्रतिस्पर्ध्यांना सळो की पळो करून सोडणारे प्रेक्षक, हे सारे इतके जिवंत उतरले आहे की गावच्या मैदानी कबड्डीच्या अंतिम सामन्याला उसळणारा जमाव मला आठवत राहिला. डॅनबरीसारख्या शहराला स्वतःचे म्हणावे असे काहीतरी मिळाले होते, आणि तो आनंद खोटा नव्हता, हे दिग्दर्शकांनी मनापासून दाखवले आहे.

माहितीपटाचे सर्वांत मोठे बळ मात्र बाप आणि मुलगा यांच्यात आहे. जिमी गॅलांटी यांचा चेहरा, त्यांचा आवाज, आपण जे केले ते घरच्यांसाठी आणि आपल्या माणसांसाठी केले हा त्यांचा ठाम भाव. आणि त्यांच्याकडे अजूनही काहीशा कौतुकाने पाहणारा, आता प्रौढ झालेला एजे. पत्रकार हसले, इतर संघांचे व्यवस्थापक हसले, तेव्हा हा मुलगा खेळाडूंना स्वतः फोन करून संघात बोलावत होता. ज्यांना दुसऱ्या संघांनी दांडगाईमुळे नाकारले त्यांनाच याने हेरले, आणि त्यांनीही या पोराला मालकाचा मुलगा म्हणून झटकून न टाकता आपला मानले. ब्रॅड विंगफील्डसारखा राकट खेळाडू या घराविषयी बोलतो तेव्हा त्याच्या स्वरात जो ओलावा येतो, तो अभिनयाने आणता येत नाही. सतराव्या वर्षी इतका विश्वास टाकणारा बाप किती जणांना लाभतो? माझी कन्या हे पाहताना पूर्ण गप्प होती, आणि मीही होतो.

या विश्वासाला लागलेला पैसा कोठून आला, याची गोष्ट उत्तरार्धात येते, आणि येथे ऐरोली-घणसोलीच्या प्रेक्षकाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. आपल्याकडे सकाळी महापालिकेची घंटागाडी येते, आपण ओला कचरा वेगळा आणि सुका कचरा वेगळा देतो, आणि पुढे तो तुर्भ्याकडे जातो. कचरा उचलणारा निवडण्याचा प्रश्नच आपल्यासमोर नसतो. अमेरिकेच्या त्या भागात दुकाने, उपाहारगृहे आणि कारखाने खासगी वाहतूकदारांना पैसे देऊन कचरा उचलवतात, आणि म्हणून तेथे ग्राहक ही मालमत्ता ठरते. तपास यंत्रणांनी उघड केलेली व्यवस्था अशी होती की वाहतूकदारांनी ग्राहक आपसांत वाटून घेतले होते, कोणी दुसऱ्याच्या ग्राहकाला कमी दर देत नसे, त्यामुळे दर चढेच राहत. आणि या व्यवस्थेला न्यूयॉर्कच्या जेनोवेसे या माफिया टोळीचे छत्र होते, ज्यासाठी टोळीचा म्होरक्या मॅथ्यू इयानिएलो याला ठरावीक काळाने रक्कम पोहोचत असे. म्हणजे डॅनबरीचा प्रत्येक दुकानदार कचऱ्याच्या बिलात थोडे थोडे अधिक भरत होता, आणि संध्याकाळी तिकीट काढून त्याच मालकाच्या संघासाठी घसा फोडत होता. हा दुवा माहितीपटात आहे, पण तो इतक्या झपाट्याने पुढे सरकतो की त्याचे वजन जाणवत नाही. माझ्या मते सारी कथा या एका दुव्यावर उभी आहे आणि दिग्दर्शकांनी येथे थांबायला हवे होते.

जून 2006 मध्ये अटका झाल्या आणि संघ त्याच उन्हाळ्यात संपला. गॅलांटी यांनी 2008 मध्ये गुन्हे कबूल केले. त्यांना 87 महिन्यांची, म्हणजे सव्वासात वर्षांची शिक्षा झाली आणि कचऱ्याच्या कंपन्या सरकारजमा झाल्या. कबूल केलेल्या गुन्ह्यांत एक थेट हॉकीशी संबंधित होता, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लीगने सर्व संघांवर वेतनाची मर्यादा घातली होती, हंगामाला पावणेतीन लाख डॉलर. लहान शहरांतील संघ टिकावेत, श्रीमंत मालकाने स्पर्धा विकत घेऊ नये, एवढ्यासाठीच तो नियम होता. डॅनबरीने खेळाडूंना आणि त्यांच्या पत्नींना कचऱ्याच्या कंपन्यांत कामावर न येता पगार मिळणाऱ्या नोकऱ्या दाखवून ती मर्यादा कितीतरी ओलांडली. माहितीपटात हा भाग बहुतांशी चतुराईचा किस्सा म्हणून सांगितला जातो. परंतु त्याच लीगमध्ये नियम पाळून, मोजक्या पैशांत संघ चालवणारी माणसेही होती. पावणेतीन लाखांत संघ बसवणारा एखादा व्यवस्थापक डॅनबरीसमोर हरून बसने रात्रभर परत जाताना काय विचार करत असेल, हे मला त्या दीड तासात ऐकायचे होते.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. पंचाला मारहाण केल्याच्या प्रकरणात या मालकाला पूर्वी अटकही झाली होती. माहितीपटाचा सूर अशा प्रसंगी इतका खेळकर होतो की प्रेक्षकाला हसू यावे, आणि मला ते हसू आले नाही. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतील एका गावात अंतिम सामना होता, शेवटची चढाई होती, आणि चढाईपटूचा पाय रेषेबाहेर गेलेला मी स्वतः पाहिला. मी गडी बाद दिला. त्याच क्षणी स्पर्धेला मोठी रक्कम देणारे गृहस्थ मैदानात उतरले, त्यांनी माझ्या गळ्यातील शिट्टीची दोरी धरली, आणि दोन्ही संघांतील चौदा पोरे ते पाहत उभी राहिली. आयोजकांपैकी एकाने मला बाजूला घेऊन, जरा समजून घ्या, असे विनवले. निर्णय मी बदलला नाही. त्या रात्री मला स्टेशनापर्यंत सोडायला कोणी आले नाही, हेही खरे. मला आजही बोचते ते एवढेच की त्या पोरांपैकी काहींच्या चेहऱ्यावर त्या गृहस्थांविषयी आदर होता. पैसे लावणारा माणूस मैदानात उतरून पंचाच्या अंगावर जाऊ शकतो, हेच त्या दिवशी ती शिकली. म्हणून पडद्यावर कोणी अशा मालकाला उमदा, मोठ्या मनाचा, जरा तापट माणूस म्हणून रंगवतो, तेव्हा मला त्या चित्राच्या चौकटीबाहेर उभा असलेला पंच दिसतो.

मारामारीच्या किमतीविषयीही हेच म्हणेन. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूची हळूहळू झीज होते, हे आता शवविच्छेदनांतून सिद्ध झाले आहे. फ्लायर्ससह अनेक संघांकडून खेळलेला रेगी फ्लेमिंग 2009 मध्ये वारला, त्याच्या मेंदूत ही झीज आढळली, आणि अवघ्या 28 व्या वर्षी 2011 मध्ये वारलेल्या डेरेक बूगार्डच्या मेंदूतही ती आढळली. दोघेही दांडगाईसाठी ओळखले जाणारे खेळाडू होते. 2021 मध्ये माहितीपट करणाऱ्यांना हे सारे ठाऊक असणारच. मोडलेल्या हाडांच्या आठवणी खेळाडू हसत सांगतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. परंतु दिग्दर्शकाने त्या हसण्याच्या पलीकडे एखादा प्रश्न तरी विचारायला हवा होता.

पाहणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. भाषा अत्यंत शिवराळ आहे, त्यामुळे लहान मुलांसोबत तो पाहू नये. सोळा-सतरा वर्षांच्या, खेळणाऱ्या मुलांना जरूर दाखवावा, मात्र सोबत बसून आणि मध्ये थांबवून बोलत. मी इंग्रजी उपशीर्षके लावून पाहिला आणि त्यांची गरज भासली, कारण अनेकांचे उच्चार जड आहेत आणि बोलण्याचा वेग मोठा आहे. रचनेच्या दृष्टीने पहिला तास उत्कृष्ट आहे, शेवटचा भाग घाईचा. पाचपैकी मी त्याला साडेतीन गुण देईन, आणि त्यांतील निदान दोन गुण त्या बाप-लेकाच्या संभाषणांचे आहेत.

दुसऱ्या वेळी पाहताना मी ठोसे मारणाऱ्यांकडे पाहिलेच नाही. जुन्या चित्रणात प्रत्येक मारामारीच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेले दोन रेषापंच दिसतात. ते लगेच मध्ये पडत नाहीत. दोघांचे हात थकेपर्यंत, किंवा एक जण कोसळेपर्यंत, दोन-तीन हातांवर सावध उभे राहतात, आणि मग एकदम आत शिरतात. त्यांच्या हातांत मोजे नसतात. एक जण वरच्याला मागून कवेत घेतो, दुसरा खालच्यावर स्वतःचे अंग घालतो, जेणेकरून पडलेल्याला आणखी फटका बसू नये. कन्येने एका ठिकाणी चित्र थांबवायला लावले, कारण तिला त्या पंचाचे स्केट्स पाहायचे होते: त्याने एका पायाची धार आडवी करून, बर्फावर स्वतःला रोवून धरले होते आणि शंभर किलोचा गडी पाठीवर तोलला होता. पुढच्या दृश्यात खेळाडू कठड्यात जाऊन बसला होता, प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडत होते, आणि हा वाकून बर्फावर विखुरलेले हातमोजे गोळा करत होता.